मदत हवी आहे: मुंबई–सॅन फ्रान्सिस्को, ज्येष्ठांसाठी कोणता मार्ग?

आई-बाबा डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच सॅन फ्रान्सिस्कोला बहिणीकडे निघालेत. व्हिसा झालाय, तिकिटं काढायची आहेत. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, सलग दहा-अकरा तासांपेक्षा जास्त बसणं त्यांना जमत नाही. अडलंय ते इथंच.

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. दुबईमार्गे गेलं तर पहिला टप्पा जेमतेम तीन तासांचा, पण दुसरा पंधरा-सोळा तासांचा! सिंगापूरमार्गेही तेच, लांबचा टप्पा टळत नाही. फ्रँकफर्टमार्गे एकूण अंतर सुमारे दोन हजार किलोमीटरनं वाढतं, पण नऊ आणि साडेअकरा तास असे जवळपास सारखे तुकडे पडतात. एकूण वेळ वाढला तरी चालेल, बसणं कमी हवं. वेळेचा घोळ (तिथलं घड्याळ हिवाळ्यात साडेतेरा तास मागे) कागदावर मांडून सोडवलाय, त्यामुळे तो हिशेब नको.

व्हीलचेअर मागणार आहोत. बिझनेस क्लास बजेटमध्ये बसत नाही. मध्ये हॉटेलात मुक्काम करायचा नाही, कारण शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत शिरायला लागणारा) नाही. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील.

एका एजंटनं अडीच तासांचा थांबा सुचवलाय, दुसरा म्हणतो पाच तास ठेवा. फ्रँकफर्टला व्हीलचेअरवरच्या ज्येष्ठांना घेऊन अमेरिकेचं विमान ज्यांनी बदललंय, त्यांनी सांगा: तिथली तपासणी धरून अडीच तास पुरतात का?