नवऱ्याची पन्नाशी, १९७६ ची पोर्ट आणि सोबत सासूबाई

कैरीपन्हं

मंडळी, सल्ला हवा आहे. नवरा १४ नोव्हेंबर २०२६ ला पन्नास पूर्ण करतोय. बालदिनाचा जन्म, त्यामुळे तो मोठा झालाच नाही असं खुद्द सासूबाई म्हणतात. आम्ही इंग्लंडात, रीडिंगला असतो. एरवी हा माणूस चार पेनी वाचवायला दोन बस बदलेल, पण पोर्ट, म्हणजे पोर्तुगालची गोड नि कडक वाइन, म्हटलं की विरघळतो. एका निवृत्त होणाऱ्या साहेबांनी त्याला जुनी विंटेज पोर्ट पाजली आणि तेव्हापासून हे खूळ डोक्यात बसलंय. दर नाताळात एक बाटली घरात येते आणि तिच्यावरचं प्रवचन मला ऐकावं लागतं.

माझा बेत असा: शनिवार धरून चार दिवस पोर्तुगालमधल्या पोर्तोला जायचं, दोन मिशेलिन स्टारवाल्या एखाद्या ठिकाणी रात्रीचा लांबलचक टेस्टिंग मेन्यू (थोडे थोडे कितीतरी पदार्थ), आणि शेवटी टेबलावर अचानक १९७६ ची विंटेज पोर्ट. अडचणी:

टेलर्स, ग्रॅहम्स वगैरे मोठ्या पोर्ट कंपन्यांची १९७६ कुठे दिसतच नाही. दुकानदार म्हणतो १९७७ घ्या, उत्तम आहे. अहो, पण माणूस १९७६ चा आहे!

बाटली इथे मिळालीच तर सोबत नेऊ का?

आणि सासूबाई. आठ तारखेचं लक्ष्मीपूजन सांगलीला उरकून फराळाचे डबे घेऊन त्या येणार. शाकाहारी आहेत. पितही नाहीत, पण दुसरा प्यायला तर नाक मुरडत नाहीत, उलट "मला वास तरी दाखव" म्हणतात. त्यांना हॉटेलात सोडून आम्ही जेवायला जाणं होणार नाही.

पैसे साठवलेत, पण विहीर नाही.

म्हापशेकार

पोर्टचा विषय निघाला म्हणजे आम्ही गोंयकारांनी हजेरी लावलीच पाहिजे. ताई, एक काम आधी करून ठेवा. आमच्याकडे 'पोर्ट वाइन' म्हणून जी गोड लाल वाइन दुकानात मिळते, तिचा आणि पोर्तुगालच्या डोउरो नदीच्या खोऱ्यातल्या पोर्टचा संबंध नावापुरता. सांगलीची मंडळी गोव्याहून परतताना डिकीत घालून नेतात ती हीच. सासूबाईंना फरक आधीच सांगा. नाहीतर तुम्ही पन्नास वर्षांची बाटली उघडाल आणि त्या म्हणतील, "ही तर आपल्या बंडूने मागच्या मे महिन्यात आणली होती."

डोउरोकाठी

मी पोर्तोला लागून मातोझिन्योशला राहतो. ऑफिसात येणाऱ्या पाहुण्यांना नदीपलीकडच्या गाया नावाच्या गावातल्या पोर्टच्या गोदामांतून हिंडवून आणणं हे माझं बिनपगारी काम. त्यामुळे स्पष्टच लिहितो, रागवू नका: लांबलचक जेवण आणि जुनी विंटेज पोर्ट एका रात्रीत कोंबू नका.

विंटेज पोर्टमध्ये अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास, आणि लिटरला साधारण शंभर ग्रॅम साखर. टेस्टिंग मेन्यू तीन तास चालतो. प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन घेतली तर साडेअकरापर्यंत सहा-सात ग्लास झालेले असतात. त्या वेळी १९७६ ची दिली काय नि परवाची दिली काय, वाढदिवसाचा मुलगा "मस्त आहे" म्हणेल आणि जांभई देईल. इथल्या जुन्या इंग्रज व्यापाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. पोर्तोत त्यांचं फॅक्टरी हाऊस आहे, अठराव्या शतकाच्या शेवटची ग्रॅनाइटची इमारत. तिथे एकाला लागून एक असे दोन जेवणाचे दिवाणखाने आहेत. जेवण पहिल्यात व्हायचं, मग सगळ्यांनी आपापला नॅपकिन घेऊन उठायचं आणि दुसऱ्या खोलीत तशाच मांडलेल्या टेबलावर पोर्टला बसायचं. कारण एकच, रश्शाचा वास पोर्टच्या वासात मिसळू नये. ती जागा सभासदांची आहे, आपल्याला आत सोडणार नाहीत. युक्ती मात्र उचलता येते.

आता १९७६. विंटेज पोर्ट दरवर्षी होत नाही. पीक खरंच चांगलं आलं तरच कंपन्या ते वर्ष 'जाहीर' करतात आणि दोनेक वर्षं लाकडात ठेवून बाटलीत भरतात. पुढचं पिकणं बाटलीत. १९६३, १९६६, १९७०, १९७७ ही मोठी वर्षं. १९७५ सुद्धा जाहीर झालं, जरा हलकं. म्हणजे तुमच्या यजमानांचं वर्ष नेमकं दोन जाहीर वर्षांच्या मधल्या फटीत सापडलं. १९७७ घ्या म्हणणारा दुकानदार चवीच्या बाजूने बरोबर आहे, पण पन्नाशीला एकोणपन्नासची पत्रिका कोण मांडतं?

तरी दोन वाटा आहेत. ज्या वर्षी मुख्य नाव जाहीर होत नाही त्या वर्षी काही कंपन्या दुसऱ्या नावाने किंवा एकाच मळ्याची विंटेज काढतात. फॉन्सेकाची १९७६ ची गिमारायन्स ही त्यातली नावाजलेली. त्याच वर्षाची टेलर्सची वार्जेलास आणि ग्रॅहम्सची माल्वेडोसही आहे. मोठ्या जाहीर वर्षांपेक्षा खिशाला बऱ्याच सोसतात. इंग्लंडात लिलावांत आणि जुन्या वाइनच्या व्यापाऱ्यांकडे शोधा. लिलावात बोलीवर कमिशन आणि कर चढतो, तो आधी विचारा. फोटोत बाटलीतली पातळी बघा, मानेच्या बुडाशी असावी. खांद्याच्या खाली उतरलेली असेल तर सोडून द्या.

दुसरी वाट कोल्येता. ही एकाच वर्षाची टॉनी, म्हणजे तपकिरी पोर्ट. बाटलीत नाही, लाकडी पिंपात पिकते, किमान सात वर्षं, बरेचदा कितीतरी जास्त. रंग विटलेल्या तांब्याचा; वास अक्रोड, संत्र्याची साल, जळू घातलेली साखर. लेबलावर पिकाचं वर्ष असतं आणि बाटलीत भरल्याचंही. ते दुसरं वर्ष बघूनच घ्या, कारण पिंपात चाळीस वर्षं काढलेली आणि दहा वर्षं काढलेली यांत जमीनअस्मानाचा फरक. कोल्येतासाठी वर्ष जाहीर व्हावं लागत नाही, म्हणून तुमच्यासारख्यांना तीच तारते.

बाटली तिकडून आणू नका. जुन्या विंटेजच्या तळाशी गाळाचा थर असतो. विमानातून, टॅक्सीतून हिसकत आणली की सगळा ढवळला जातो आणि निवळायला काही आठवडे जातात. पोर्तोत कोल्येता प्या, गिमारायन्स घरी ठेवा.

माझा बेत: शुक्रवारी पोर्तोच्या साओ बेंतो स्टेशनाहून डोउरोच्या रेल्वेने पिन्याओंपर्यंत जा, अडीचेक तास. जाताना उजवीकडची खिडकी धरा, नदी त्या बाजूला येते. नोव्हेंबरात तोडणी उरकलेली असते, पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांवर द्राक्षाची पानं लाल-पिवळी असतात आणि गर्दी नसते. पाऊस मात्र असतो, छत्री घ्या. पिन्याओं स्टेशनच्या भिंतींवर निळ्या फरशांत द्राक्षतोडणीची चित्रं आहेत. सासूबाई तिथे अर्धा तास सहज काढतील.

शनिवारी मोठं जेवण दुपारी. मग दोम लुईशच्या पुलावरून चालत गायात उतरायचं, आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला, पोट हलकं झाल्यावर, एखाद्या गोदामात बसून १९७६. बऱ्याच ठिकाणी जुन्या कोल्येता ग्लासवर मिळतात. आपलं वर्ष आहे का ते आधी ईमेलने विचारून राखून ठेवायला सांगा. रात्री सूप आणि पाव.

शनिवारपेठी

छान माहिती, पण असहमत. पन्नाशीची रात्र रात्रीच झाली पाहिजे हो. दुपारी जेवून संध्याकाळी गोदामात बसणं म्हणजे सहल. बायको नटूनथटून बसलीय, समोर नदी, दिवे... त्याचं काय? पोर्ट थोडी कमी कळली तर कळली.

जाता जाता अनुभवाचं: पुण्यात आणायची असेल तर माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी नाही, पण विंटेज आणू नका. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत मे महिन्यात फडताळातलं मेणसुद्धा वाकतं. टॉनी आणा, फ्रिजमध्ये ठेवा, उघडल्यावर काही आठवडे चांगली राहते. मी रात्री एवढीशी घेतो. बायको त्याला औषध म्हणते, मी खोडून काढत नाही.

कैरीपन्हं

डोउरोकाठी, रागवणं दूरच, मी हे छापून फ्रिजवर लावणार होते. मग आठवलं की सरप्राइझ आहे.

शनिवारपेठी, नटूनथटून दुपारीही बसता येतं.

आता दोन प्रश्न उरले. जेवायला नेमकं कुठे, आणि सासूबाई काय खातील? शिवाय घरी गिमारायन्स उघडायची झाली तर कशी? नवरा दर वेळी ते काम सोवळ्यात करतो, मला हात लावू देत नाही. या वेळी मला उघडायची आहे.

डोउरोकाठी

शनिवारपेठींच्या दिव्यांचा मुद्दा मान्य, पण नोव्हेंबरात इथे सव्वापाचलाच सूर्य मावळतो. पाचला पोर्टला बसा, दिवे आपोआप लागतात.

ठिकाणं. लेसा दा पाल्मेइराला, माझ्या घरापासून जवळच, कासा द शा दा बोआ नोव्हा आहे. समुद्राच्या खडकांत रुतवलेली ही वास्तू आल्व्हारो सिझा या वास्तुविशारदाने तरुणपणी बांधली, १९६३ मध्ये पुरी झाली. रुई पाउला तिथले शेफ, दोन स्टार. खिडकीवर लाटा येऊन आपटतात. पण सारा भर समुद्रावर, मासे नि शिंपले, त्यामुळे सासूबाईंसाठी मी तिथे जाणार नाही. आंतिक्वमला २०२४ मध्ये दुसरा स्टार मिळाला. बागेतलं जुनं घर, खाली डोउरो. गायात यीटमन हॉटेलचं रेस्टॉरंट आहे, तेही दोन स्टारचं, पोर्टचा साठा दांडगा. माझं मत आंतिक्वमला. दुपारचं मिळतं का आणि शाकाहारी मेन्यू करतील का, हे टेबल राखतानाच लेखी विचारा. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका, "मांस नाही, मासे नाहीत, त्यांचा रस्साही नाही" असं लिहा. मोठ्या स्वयंपाकघरांना आधी सांगितलं तर मनापासून करतात. ऐन वेळी सांगितलं तर भाजलेला फ्लॉवर येतो.

बाहेर खाताना कॅल्दो वेर्द नावाच्या हिरव्या सूपपासून सावध. दिसतं बटाटा आणि हिरव्या पाल्याचं, पण त्यात शोरिसोची चकती, म्हणजे डुकराचं सॉसेज, सोडलेली असते. "सें शोरिसो" म्हणून चकती टाळता येते, रश्शाची हमी नाही. त्यापेक्षा ११ नोव्हेंबरचा सां मार्तिन्यो. त्या सणाला भाजलेले चेस्टनट खातात आणि सगळा महिना रस्त्यावर गाडे धुरात उभे असतात. कागदाच्या पुडीत गरमगरम देतात. सासूबाई खूश होतील.

बाटली उघडण्याचं. दोन दिवस आधी उभी करून ठेवा, गाळ तळाला बसेल. जुन्या बाटलीवर कधी कधी चुन्याचा पांढरा फटकारा असतो. बाटली आडवी असताना ती बाजू वर होती, म्हणजे गाळाची साय तिच्या समोरच्या बाजूला. ओतताना तो फटकारा वरच राहू द्या. बूच पन्नास वर्षांचं, साध्या स्क्रूने भुगा होतो. दोन पात्यांचा ओपनर मिळतो, बुचाच्या दोन्ही अंगांनी सरकवून पिळत वर घ्यायचा. तरी तुटलं तर घाबरू नका, मलमलचं फडकं हाताशी ठेवा. फडकं धुण्याच्या पावडरीचं नको, नुसत्या गरम पाण्यात उकळलेलं. मग एका हातात बाटली, मानेखाली टॉर्च, आणि काचेच्या सुरईत एका दमात, सावकाश, मध्ये उभी न करता. शेवटी मानेत एक काळा धागा सरकताना दिसेल. तिथे थांबा. हे सगळं बसायच्या एकदोन तास आधी, आणि त्याच दिवशी संपवा. एका बाटलीत दहाबारा जणांचं भागतं. छोटे ग्लास नकोत, नेहमीचे वाइनचे तिसरा हिस्सा भरा. बरोबर स्टिल्टन चीज आणि अक्रोड, चॉकलेट नको.

सुरई डावीकडे फिरवायची ही इंग्रजी रीत यजमानांना माहीत असणारच.

म्हापशेकार

फराळाचं राहिलं! टॉनीबरोबर अनारसा खाऊन बघा, खसखशीच्या बाजूने. चकली नको, जीभ मीठ-तिखटात अडकते.

कैरीपन्हं

अनारशाचं सासूबाईंना आत्ताच फोनवर सांगितलं. म्हणाल्या, "वाढदिवस कुणाचा आहे ते कळलं, पण अनारसे बिघडले तर दारूत बुडवून खाऊ घालाल, एवढं समजलं." डबा जास्तीचा भरणार आहेत. आंतिक्वमला ईमेल गेली, रस्साही नको असं ठळक अक्षरांत लिहिलं. गिमारायन्सची बोली लावायचं काम धाकट्या दिराकडे दिलंय, मर्यादा सांगून. १४ ला दुपारी जेवण, २८ ला घरी मंडळी.

डोउरोकाठी, तुम्ही १४ ला संध्याकाळी पाचला गायात मोकळे आहात का? नवऱ्याचं प्रवचन मराठीत ऐकणारं कुणीतरी हवंच आहे.