शब्दचर्चा : स्केल, गेज, सांधा (मॉडेल रेल्वे)

प्रश्न : मॉडेल रेल्वेवरच्या मराठी लेखनात 'स्केल' आणि 'गेज' एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले दिसतात. दोन्हींना 'माप' म्हणून भागेल का?

प्रतिसाद : नाही भागणार. स्केल म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूच्या किती पट लहान आहे ते. त्याला नकाशातला 'प्रमाण' हा शब्द चपखल बसतो. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. ब्रॉडगेज, नॅरोगेज सगळ्यांच्या तोंडी आहेत, तेव्हा 'गेज' तसाच ठेवावा.

फरक किती महत्त्वाचा आहे ते एचओ आणि ओओ हे मॉडेल रेल्वेचे दोन प्रचलित प्रकार शेजारी ठेवले की दिसतं. एचओचं प्रमाण १:८७ आणि गेज १६.५ मिमी. खऱ्या स्टँडर्ड गेजच्या १४३५ मिमीला ८७ने भागलं की हेच येतं. ब्रिटनमधल्या ओओचे रूळही १६.५ मिमीचेच, गाड्या मात्र १:७६.२ प्रमाणाच्या. तिथली खरी इंजिनं अंगाने लहान असल्यामुळे ओओ सुरू झालं त्या काळच्या मोटर १:८७च्या सांगाड्यात मावेनात. म्हणून गाडी मोठी केली आणि रूळ तेच ठेवले. हिशेबाने तिथे गेज १८.८३ मिमी हवं. समोरून पाहिलं तर गाडीच्या मानाने रूळ अरुंद वाटतात ते यामुळेच. नवा माणूस 'गेज जुळतंय ना' एवढंच बघून खरेदी करतो, मग ओओच्या डब्याशेजारी १:८७ची माणसं आणि घरं खुजी दिसतात. म्हणून आधी प्रमाण ठरवावं, खरेदी नंतर.

प्रश्नकर्ता : पटलं. 'टर्नआउट' आणि 'ग्रेड'ला काय म्हणावं?

प्रतिसाद : टर्नआउट म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारी रुळांची रचना, तिला सांधा. सांधेवाला, सांधा बदलणे हे शब्द रेल्वेत रुळलेले आहेत. फक्त दोन रूळ टोकाला टोक लावून जोडतात तिथे 'जोड' लिहा, नाहीतर वाचणारा चुकीच्या जागी दोष शोधत बसेल.

ग्रेड म्हणजे सरळ 'चढ'. २ टक्के चढ म्हणजे मीटरमागे २ सेंमी. खालच्या मार्गावरून पूल न्यायला ८ सेंमी उंची हवी असेल तर ४ मीटर लांबी लागते, शिवाय दोन्ही टोकांना चढ हळूहळू सुरू व्हायला आणि संपायला जागा. वळणावर गाडीला होणारा अटकाव वाढतो, तिथे चढ आणखी कमी ठेवा.

दुसरा प्रतिसाद : एक भर. रूळ आणि चाकं तपासायच्या खाचांच्या धातूपट्टीलाही 'गेज'च म्हणतात. लिहिताना 'गेजपट्टी' म्हटलं तर गोंधळ टळेल. आणि ही पट्टी घ्याच. एकच डबा सांध्यावर पुन्हापुन्हा घसरत असेल तर सांधा उचकटू नका. आधी त्या डब्याच्या चाकजोडीवर पट्टी लावा. बहुतेक वेळा एखादं चाक आसावर किंचित सरकलेलं असतं, आणि ते हलकेच फिरवत जागेवर आणता येतं.