पेठेतले घर आणि दारातली गाडी

कोल्हापुरात महाद्वार रोडपासून चालत जाता येईल असे पेठेतले घर घ्यावे की गाडी ठेवायला जागा असलेली उपनगरातली सदनिका घ्यावी, असा धागाकर्त्यांचा प्रश्न आहे. मी नऊ वर्षे शिवाजी पेठेत गाडीसह राहिलो. तिथे घर मिळते, पण गाडी कुणाच्या तरी दारात लावावी लागते; नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांनी गल्ल्या भरल्या की आमची गाडी दसऱ्यापर्यंत जागची हलत नसे.

राजारामपुरी, ताराबाई पार्क किंवा आर. के. नगर या बाजूला पार्किंग तुलनेने सोपे असले, तरी कोल्हापुरात आधी पुराचे पाणी कुठवर येते ते पाहावे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि शाहूपुरीच्या काही भागांत व नागाळा पार्कात पाणी शिरले. अशा ठिकाणी तळघरातले पार्किंग फुकट मिळाले तरी मी घेणार नाही.

नवी सदनिका घेताना पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी आणि उंची नोंदणीकृत करारात लिहून घ्यावी. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये हा तपशील बंधनकारक केला आहे. त्याआधी घेतलेल्या आमच्या जागेत एक खांब असा आला आहे, की ड्रायव्हरच्या बाजूचे दार निम्मेच उघडते आणि मी रोज शेजारच्या सीटवरून उतरतो.