मदत हवी आहे: अर्धा केग संपला की तरंगती डिप ट्यूब गॅस ओढायला लागते

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला राहते. तीन वर्षं झाली, घरी कोंबुचा, म्हणजे आंबवलेल्या चहाचं फसफसणारं पेय, करते. सुरुवात एका काचेच्या बरणीपासून झाली होती. बाटल्या भरून भरून हात दुखायला लागले तेव्हा १९ लिटरचे दोन वापरलेले कॉर्नी केग घेतले, म्हणजे पेय गॅसच्या दाबाखाली ठेवायची स्टीलची उंच पिंपं. बॉल लॉकवाले, म्हणजे नळ्या दाबून बसवायच्या जोडाचे. सोबत कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर, रेग्युलेटर आणि थर्मोस्टॅट जोडलेला जुना डीप फ्रीजर. हे सगळं खरं तर घरी बिअर करणाऱ्यांचं सामान आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही आणि मला ती करायचीही नाही, पण केगमधल्या पेयाचे प्रश्न दोघांचे सारखेच. म्हणून ज्यांना केगची माहिती आहे त्यांनी कृपया सांगावं.

आधी तरंगत्या डिप ट्यूबबद्दल, ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी. केगची मूळची नळी तळापर्यंत जाते, म्हणजे पहिला ग्लास भरतो तोच गाळाचा. कोंबुचात यीस्टचा गाळ भरपूर असतो. तरंगत्या नळीत वर आखूड स्टीलची नळी, तिला मऊ सिलिकॉनची नळी आणि तिच्या टोकाला पोकळ स्टीलचा गोळा. गोळा पेयावर तरंगतो, त्याच्या जरा खाली नळीचं तोंड असतं आणि पेय वरून ओढलं जातं. ताक ठेवलं की वर निवळ येते आणि आपण पळीने ती वरच्यावर काढतो, अगदी तसंच. पेय वरून खाली निवळत जातं, त्यामुळे तळ स्वच्छ व्हायची वाट बघावी लागत नाही. फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवलं की पहिला ग्लास काचेसारखा येतो. मी या नळीवर फार खूश होते.

आता अडचण. पहिले आठ-नऊ लिटर उत्तम येतात. मग एकदम टॅपमधून फस्स होतं, थोडं पेय, परत फस्स, आणि ग्लासात तीन बोटं पेय नि वर सगळा फेस. पारदर्शक नळीत बोटभर लांबीचे फुगे एकामागे एक चालत येताना दिसतात. सलग चार खेपा असंच झालं, दोन्ही केगमध्ये. उरलेलं अर्धं पेय मी केग उघडून पातेल्यात ओतून काढते, आणि तोवर त्यातला गॅस गेलेला असतो.

करून पाहिलेले उपाय: ४ अंश तापमानाला गॅसचा दाब १२ पीएसआय (दाबाचं एकक) असतो, तो ८ वर आणला. फेस तसाच. पॉपेट (केगच्या तोंडांमधल्या छोट्या झडपा) काढून धुतले, ओ-रिंगा (रबरी कड्या) बदलल्या. टॅपची नळी दोन मीटरवरून तीन मीटर केली. केग हलवून पाहिला, दोन दिवस न हलवताही पाहिला.

घाई अशासाठी की मे महिन्यात बाबांची पंचाहत्तरी आहे. साठेक माणसं येतील. बाबा रोज संध्याकाळी एक ग्लास आल्याचा कोंबुचा घेतात आणि आलेल्या प्रत्येकाला तोच प्यायला मिळावा अशी त्यांची इच्छा आहे. २०० मिलीचे ग्लास धरले तर एका केगमध्ये नव्वदच्या वर ग्लास निघायला हवेत. पन्नाशीतच केग फसफसला तर त्या दिवशी मी काय करू?

अजून एक विचारायचं आहे. २५ लिटरच्या ज्या पिंपात पहिलं आंबवणं होतं, त्यातही अशीच नळी बसवावी का? पिंपातून केगमध्ये भरताना गाळ मागे राहील असं वाटतं.

आलेपाक:

ताई, पहिला संशय डिप ट्यूबच्या कॉलरखालच्या छोट्या ओ-रिंगवर. केगची पोस्ट, म्हणजे टॅपची नळी जिथे जोडतो ते वरचं तोंड, उघडली की दिसते ती. ती फाटलेली असेल किंवा बसवायची राहिली असेल तर वरचा गॅस सरळ पेयाच्या वाटेत शिरतो. दुसरं म्हणजे सिलिकॉनची नळी फार लांब असेल तर तिचं वेटोळं होतं, गोळा कलंडतो आणि तोंड पाण्याबाहेर येतं. आधी दाब पूर्ण सोडा, मग झाकण काढून टॉर्चने बघा गोळा सरळ आहे का.

धागाकर्ती:

धन्यवाद. ती छोटी ओ-रिंग नवीन आहे, आणि ती खराब असती तर पहिल्या ग्लासापासून फेस आला असता ना? माझे पहिले नऊ लिटर स्वच्छ येतात. काल फेस सुरू झाल्यावर दाब सोडून टॉर्चने पाहिलं. गोळा सरळ तरंगत होता, तोंड पाण्यातच होतं. सिलिकॉनची नळी दोन फूट आहे, तळाशी थोडी दुमडते, पण पिळा पडलेला नाही.

भोसरीवाला:

माझं काम स्टील ट्यूबचंच आहे, म्हणून विचारतो. आखूड नळी तयार मिळाली का मूळची लांब नळी कापून घेतली? कापली असेल तर वरून किती अंतरावर?

धागाकर्ती:

कापून घेतली. किटमध्ये आखूड नळी आलीच नाही. एका फॅब्रिकेशनवाल्याकडे दोन्ही नळ्या नेल्या, त्याने २५ सेंमीवर कापल्या. मी मापाचा विचार केला नव्हता, सिलिकॉनची नळी जरा सरळ राहील असं तो म्हणाला.

भोसरीवाला:

मग तुमचं उत्तर तिथेच आहे. केग आतून साधारण ५५ सेंमी खोल असतो. वरून २५ सेंमी म्हणजे जवळजवळ मध्य. स्टील आणि सिलिकॉनचा जोड नेमका तिथे येतो. पेय जोडाच्या वर असतं तोवर जोड गळला तरी आत पेयच शिरतं, तुम्हाला कळणारही नाही. पातळी जोडाच्या खाली गेली की जोडाभोवती गॅस येतो. टॅप उघडा असताना नळीच्या आतला दाब बाहेरच्या गॅसपेक्षा थोडा कमी असतो, तेवढ्यावर तो गॅस फटीतून आत शिरतो. दाब ८ करा नाहीतर १२, हा फरक राहतोच. म्हणून तुमचे उपाय चालले नाहीत.

फट कशामुळे, तेही सांगतो. कटरने कापलेल्या नळीला धारदार बर, म्हणजे कडेला धातूचा खरखरीत कंगोरा, राहते. कानस मारली नाही तर सिलिकॉन चढवताना ती आतून सोलते. सिलिकॉन ताणायला चांगलं, पण एकदा चीर पडली की ती वाढत जाते.

खात्री करून घ्या. केग साध्या पाण्याने गळ्यापर्यंत भरा, दाब फक्त ३-४ पीएसआय ठेवा आणि बादलीत सोडत राहा. पाण्यात गॅस विरघळलेला नसल्यामुळे नळीत फुगा दिसला तर तो बाहेरूनच आला. फुगे सुरू होतील तेव्हा किती पाणी उरलंय ते वजन करून बघा.

धागाकर्ती:

काल रात्री न्हाणीघरात बसून केलं. पहिली अर्धी बादली एकही फुगा नाही, नळी रिकामी वाटावी इतकं पाणी नितळ. मग एक बारीक फुगा आला, पाठोपाठ दुसरा, आणि मिनिटभरात रांग लागली. लगेच टॅप बंद करून केग वजनकाट्यावर ठेवला. केगचं स्वतःचं वजन वजा करता पाणी दहा किलोच्या आसपास होतं. म्हणजे मध्यावरच!

सिलिकॉनची नळी सोडवली, उलटी करून आतून बोट फिरवलं. वरच्या टोकाशी, नख अडकेल एवढी चीर होती, साधारण तांदळाच्या दाण्याएवढी. स्टीलच्या कडेवर कापूस फिरवला तर त्याचे धागे तिथे अडकून राहिले. चार खेपा मी रेग्युलेटरला आणि टॅपला दोष देत होते.

आता २५ सेंमीची नळी ठेवावी आणि फक्त कानस मारावी, की आणखी आखूड करावी?

भोसरीवाला:

आखूड करा. पाच सेंमी पुरे. जोड वर गेला म्हणजे तो कायम गॅसमध्येच राहील, आणि गळत असेल तर पहिल्या ग्लासातच दिसेल. लपलेली गळती सगळ्यात वाईट. कड आतून-बाहेरून कानसून घ्या, वर बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि बोटाला गुळगुळीत लागल्याशिवाय पैसे देऊ नका. सिलिकॉनचं चिरलेलं टोक इंचभर कापून टाका. चढवताना उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, सहज जाते. जोडावर स्टेनलेसची बारीक क्लिप लावा. लांबी ठरवताना केग मोकळा ठेवून गोळा आत सोडा, तो तळाला जेमतेम टेकला पाहिजे. त्याहून लांब नळी म्हणजे वेटोळं, आणि आखूड पडली तर तळातलं पेय मिळणार नाही.

आलेपाक:

पिंपाचं मी सांगते. पिंपात तरंगती नळी घालू नका. बिअरवाल्यांचं पिंप बंद असतं, त्यामुळे त्यांना ती चालते. त्यांची अडचण फक्त हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) चोथा नळीच्या तोंडात अडकण्याची, त्यासाठी ते जाळी लावतात. आपलं पिंप कापड बांधून उघडं असतं. जिवाणूंना हवा मिळते आणि वर जाड साय धरते. गोळाही वरच तरंगणार, म्हणजे आठ दिवसांत साय गोळ्याला आणि नळीला धरून वाढते. मी एकदा हे केलं आहे. साय कात्रीने कापून नळी सोडवावी लागली. पिंपाला तळापासून चार बोटं वर साधी तोटी असू द्या, गाळ खालीच राहतो. तोटी स्टीलची किंवा चांगल्या प्लॅस्टिकची, पितळेची अजिबात नको. आंबट पेय आहे, तांबं-पितळ त्यात उतरतं.

केगमध्ये ही भीती नाही. आत हवाच नाही, तर साय धरत नाही. पण भरताना मलमलच्या दुहेरी कापडातून गाळून घ्या. यीस्टचे ते तपकिरी दोरे असतात ना, ते गोळ्याजवळच्या नळीच्या तोंडात गेले तर तिथली बारीक जाळी दोन दिवसांत तुंबते.

पंचाहत्तरी कार्यालयात असेल तर केग आदल्या रात्रीच नेऊन ठेवा. गाडीत गाळ ढवळतो, त्याला बसायला रात्र हवी. मोठ्या टबात बर्फ नि पाणी, त्यात केग, वरून ओलं गोणपाट. नुसता बर्फ नको, पाणी असलं की गारवा सगळीकडून लागतो. मे महिन्यात पुण्यात दुपारी केग बाहेर राहिला तर नळी कितीही चांगली असू दे, फेसच येणार. आणि आत साखर उरलेली असते, उबेला ती परत आंबते, दाब वाढतो आणि अल्कोहोलही. लहान मुलं पिणार असतील तर हे जपा.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. नळी पाच सेंमीवर कापून आणली, कड माझ्यासमोर कानसून घेतली. सिलिकॉन केगच्या मापाने कापलं. पाण्याची चाचणी परत केली, गळ्यापासून तळापर्यंत एकही फुगा नाही. मग आल्याची खेप भरली, सातारी आलं घातलंय. आज आठवा दिवस, चौदा लिटर संपले आहेत आणि शेवटचा ग्लास पहिल्यासारखाच नितळ आहे. बाबांनी दोन वेळा मागून घेतला.

दुसऱ्या केगची नळी अजून २५ सेंमीवरच आहे. ती शनिवारी कापायला नेते.