पॅरिस ते रोम फ्लाइटला नक्की किती वेळ धरायचा?

सायली_ठाणे:
सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन युरोपला चाललेय, पॅरिस झालं की तिथून रोम. मॅपवर सरळ रेषेत 1100 किमी दाखवतंय, रस्त्याने 1400 च्या वर. तिकिटाच्या साईटवर 2 तास 10 मिनिटं आणि दुसरीकडे कुठेतरी पावणेदोन तास, मग खरं काय धरायचं? सकाळी 10 ची फ्लाइट घेतली तर त्याच संध्याकाळी रोममध्ये गाईडेड वॉक बुक करू का? बाबा म्हणतायत ट्रेननेच जाऊ, आल्प्स दिसतील.

घाटावरचा:
दोन्ही बरोबर. पावणेदोन म्हणजे फक्त हवेतला वेळ. तिकिटावर लिहितात तो इकडचं गेट सोडल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंतचा, त्यात टॅक्सीइंग (विमानाचं जमिनीवरचं फिरणं) आलं आणि पॅरिसचा शार्ल द गोल एअरपोर्ट एवढा अवाढव्य आहे की कधी कधी वाटतं रोमपर्यंत रस्त्यानेच नेतायत. मुंबई-दिल्ली अंतर जवळपास एवढंच आहे, तिकिटावरचा वेळही साधारण तेवढाच. घड्याळ बदलायचं नाही, दोन्हीकडे वेळ एकच. पण खरा वेळ जातो तो जमिनीवर. 10 च्या फ्लाइटला पॅरिसचं हॉटेल सातच्या आधी सोडा, गार द्यु नॉर स्टेशनवरून आरईआर बी या लोकल ट्रेनने अर्धा-पाऊण तास धरा, मग बॅगा, सिक्युरिटी. सव्वाबाराला रोमच्या फ्युमिचिनो एअरपोर्टला उतरलात तरी बॅगा येईपर्यंत एक वाजतो, तिथून रोमच्या मुख्य स्टेशनला, टर्मिनीला, लिओनार्दो एक्सप्रेस ट्रेन, नॉनस्टॉप 32 मिनिटं. दोन-अडीचला हॉटेल. वॉक सहानंतरचा घ्या, आईबाबांना जरा पाठ टेकू दे.

नाना_डोंबिवली:
इमिग्रेशनची लाईन नसते कारण दोन्ही देश शेंगेनमध्ये (एकाच व्हिसाच्या गटात), सिंगल एंट्री व्हिसा असला तरी चालतो. पासपोर्ट मात्र हाताशीच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. आणि स्वस्त तिकीट दिसलं की आधी एअरपोर्टचं नाव वाचा, बोवे असेल तर तो म्हणायला पॅरिसचा, आहे 80 किमी लांब. वाचलेले पैसे बसमध्ये आणि पहाटे उठण्यात जातात. ऑर्ली या पॅरिसच्या दुसऱ्या एअरपोर्टवरून मिळाली तर उत्तम, जून 2024 पासून मेट्रो 14 थेट तिथे जाते.

झुकझुक:
बाबांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं. डायरेक्ट ट्रेन नाही हे खरं. पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनवरून मिलानची टीजीव्ही (फ्रान्सची हायस्पीड ट्रेन) घ्यायची पण मिलानपर्यंत जायचंच नाही, तोरिनोला (ट्युरिन) पोर्ता सुसा स्टेशनवर उतरा, रोमची फ्रेच्चारोसा (इटलीची हायस्पीड ट्रेन) तिथूनच मिळते, स्टेशन बदलायला नको. तोरिनोपर्यंत साधारण पावणेसहा तास आणि पुढे रोमला चार-सव्वाचार. एका दिवसात केलंत तर आई वैतागतील, म्हणून रात्री तोरिनोला मुक्काम. जुन्या ब्लॉगवर ही लाईन बंद असं वाचाल, ऑगस्ट 2023 मध्ये मोरिएन खोऱ्यात दरड कोसळली होती त्यामुळे, मार्च 2025 च्या शेवटी परत सुरू झाली. डोंगर म्हणाल तर शांबेरीच्या पुढे मोदानपर्यंत मस्त, मग फ्रेज्युसचा बोगदा, 1871 चा.

घाटावरचा:
आल्प्स विमानातूनही दिसतात हो, सरळ रेषा जवळपास मों ब्लांवरूनच जाते. ढग नसले तर.

सायली_ठाणे:
थँक्स सगळ्यांना. 10 ची फ्लाइट आणि वॉक सातचा. पण झुकझुकची पोस्ट बाबांनी वाचलीये आणि आता ते तोरिनोची हॉटेलं बघत बसलेत.