मंगलोरी कौलांच्या छपराला उतार किती ठेवावा?

प्रश्न : श्रीवर्धनजवळ २० फूट रुंदीचे दुपाखी (दोन्ही बाजूंना उतरत्या छपराचे) घर बांधत आहोत. लाकूड वाचावे म्हणून आढे (छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड) भिंतीच्या माथ्यापासून ४ फूटच उंच ठेवावे, असे सुतारांचे म्हणणे आहे. एवढा उतार पुरेल का?

प्रतिसाद १ : पुरणार नाही. घराच्या निम्म्या रुंदीत, म्हणजे १० फुटांत, ४ फूट चढ म्हणजे जेमतेम २२ अंश. एवढ्या उतारावर पाणी रेंगाळते आणि वारा समोरून आला की कौलांच्या सांध्यातून उलटे वर चढून रिपांवर (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांवर) ठिबकते. आढे ६ फूट उंच घेतल्यास सुमारे ३१ अंशांचा उतार मिळतो आणि कोकणच्या पावसाला तो योग्य ठरतो. वासा जेमतेम फूटभर लांब लागेल, त्यात काटकसर कसली? पत्रा घालणार असाल तर मात्र याहून कमी उतार चालतो.

प्रतिसाद २ : वरील मताशी सहमत आहे, पण उताराइतकेच लक्ष वाऱ्याकडेही द्यावे. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्याच पट्ट्यात असंख्य छपरे उडाली. वळचणीच्या (छपराच्या खालच्या कडेच्या) आणि आढ्यालगतच्या ओळींतील कौले, त्यांच्या मागच्या बाजूच्या छिद्रातून न गंजणारी तार ओवून, रिपेला बांधून घ्यावीत, आणि वासे भिंतीवरच्या पाटाला (वासे ज्यावर टेकतात त्या आडव्या लाकडाला) लोखंडी पट्ट्यांनी जखडावेत. वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढल्यास पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. त्याहून जास्त काढल्यास वारा तिथेच खालून शिरतो.

प्रश्नकर्ता : आभार. सुतारांना ६ फुटांचेच माप देतो.