'पांढरी'त पांढरं काय?

पाटीपेन्सिल: आजोळी पाटीलकीच्या एका जुन्या कागदात 'काळी पांढरी' असा जोड सापडला. मामा म्हणतात, काळी म्हणजे शेतं आणि पांढरी म्हणजे गावठाण. काळी समजली, पण गावठाणाची माती तर मळकट राखाडी. मग पांढरी कशी?

माळवद: आमच्या मराठवाड्यात उत्तर डोक्यावरच असतं! काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर भिंत उभी केली की तडकलीच. म्हणून घरं मुरमाड उंचवट्यावर किंवा नदीच्या दरडीवर, आणि काळीत फक्त पेरायचं. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, आणि गढीच्या भिंतींना पांढरी मातीच लागते. म्हणजे माती पांढरी म्हणून गाव तिथे बसलं.

खापरी: अर्धंच बरोबर. जागा निवडली ती भूगोलाने, पण रंग बऱ्याच अंशी माणसांनी आणला. चुलीची राख, शेण, चुना, ढासळलेल्या भिंतींची माती, त्यावर पुन्हा नवं घर, असे थरावर थर चढले की फिकट मातीचं टेकाड तयार होतं. उत्खनन करणारे त्यालाच 'पांढरीचं टेकाड' म्हणतात. काळ्या रानात ते लांबूनही उठून दिसतं.

शिरूर तालुक्यातलं इनामगाव बघा. घोड नदीच्या काठी, आजूबाजूला काळी. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे खोदकाम केलं आणि शंभराहून जास्त घरं उजेडात आणली. इ.स.पू. 1600 ते 700 च्या सुमाराची वस्ती. जव पिकवायचे, पाण्यासाठी पाटही काढला होता. आधी ऐसपैस चौकोनी घरं, शेवटच्या काळात मात्र लहान गोल झोपड्या. पाऊसमान घटल्याने हे दिवस आले, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. प्रवरेकाठची जोर्वे, नेवासे, दायमाबाद हीसुद्धा याच साच्यातली: नदी, काळी आणि मधे पांढरी.

माळवद: म्हणजे आधी पांढरी की आधी गाव, हे कोंबडी-अंड्यासारखंच झालं की! तरी माझं माळवद मी सोडणार नाही.

पाटीपेन्सिल: मग पंढरपूरही यातलंच का?

खापरी: मोह आवरा. जुन्या शिलालेखात 'पंडरगे' असं कानडी वळणाचं नाव येतं. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर व्युत्पत्ती लावू नये.

त्यापेक्षा 'बेचिराख' घ्या. महसुली कागदांत ओस पडलेल्या गावाला 'बेचिराग' म्हणतात. मूळ फारसी, बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. मराठीने त्यात 'राख' ऐकली आणि अर्थ जळून खाक होण्याकडे वळवला. व्युत्पत्ती म्हणून चूक, पण उठलेल्या गावाच्या पांढरीत राखच राख सापडते, तेव्हा कान अगदीच फसला असं म्हणवत नाही.

पाटीपेन्सिल: मामांना पुन्हा विचारलं. शाळेमागच्या उंचवट्याला 'जुनी पांढर' म्हणतात. पूर्वी तिथली माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेली. लाल खापरं निघायची, त्यावर काळी नक्षी.

खापरी: कुठला तालुका? आणि उरलेल्या टेकाडाला आता कुदळ लावू देऊ नका.